शनिवारची फेरी

अमेरिकेतल्या पहिल्याच थंडीत एक मैत्रीण मला थ्रिफ्ट स्टोअरमध्ये घेऊन गेली, तेव्हा मी दारातच घुटमळले. लोकांनी वापरलेले कपडे? आपण जुने कपडे बोहारणीला देतो आणि पातेल्यासाठी घासाघीस करतो. ते कपडे पुढे कोण घालतं, हा विचार मी कधी केला नव्हता. इथे ते घालणारी मीच होते.

आठ डॉलरना लोकरीचा कोट मिळाला. अस्तराला एके ठिकाणी कुणीतरी बारीक हाताने टाके घातलेले, आणि शिवणीत आयएलजीडब्ल्यूयू या शिवणकामगारांच्या युनियनची पट्टी. १९९५ मध्ये ही आणि दुसरी एक युनियन एकत्र येऊन नवीच युनियन झाली, म्हणजे कोट त्याआधीचा. तो मी सहा हिवाळे घातलाय, अजून बटणही तुटलेलं नाही.

गुडविलसारखी मोठी दुकानं सगळ्यांना माहीत असतात. १९०२ च्या सुमारास बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने श्रीमंत वस्त्यांतून जुन्या वस्तू गोळा करून गरजूंना त्या दुरुस्त करायचं काम दिलं, तिथून ते सुरू झालं. माझं लाडकं दुकान मात्र अगदी छोटं, एका हॉस्पिटलसाठी पैसे उभे करणाऱ्या स्वयंसेवकांचं. काउंटरवर सत्तरी ओलांडलेल्या आज्या. किमतीच्या चिठ्ठ्या रंगीत. माल आला त्या आठवड्याचा रंग त्याला लागतो, आणि बरेच दिवस पडून राहिलेल्या रंगाला मग अर्धी किंमत. दारातल्या पाटीवर 'आज पिवळा' दिसलं की मी पिवळं शोधत सुटते, गरज असो वा नसो.

फसगतही होते. एकदा हौसेने ब्रेड मशीन आणलं. भिंतीजवळच्या प्लगला लावून पाहिलं, गरगर फिरलं. घरी येऊन पीठ घातल्यावर कळलं की कणीक मळणारं पातंच आत नाही. परत घेत नाहीत. दोन महिने ते ओट्यावर माझ्याकडे बघत बसलं होतं.

माझा खरा जीव भांड्यांच्या फळीवर. निळ्या फुलांची पांढरी कॉर्निंगवेअर भांडी इथल्या घराघरांत होती, १९५८ पासूनची. ती ज्या काचेची, ती म्हणे चुकून सापडली. १९५३ मध्ये डोनाल्ड स्टूकी या शास्त्रज्ञाची भट्टी हवी त्यापेक्षा फार तापली, काचेचा तुकडा दुधी झाला, चिमट्यातून निसटून खाली पडला आणि फुटलाच नाही. माझ्या हाताला एक झाकणाचं भांडं लागलं. उलटं केलं तर बुडाला चिकटपट्टी, पिवळी पडलेली, त्यावर पेनाने लिहिलेलं आडनाव. धुऊन धुऊन पहिली चारच अक्षरं उरलेली.

मी काउंटरवरच्या आजींना विचारलं. त्या हसल्या. चर्चमध्ये सगळ्यांनी एकेक पदार्थ आणून पंगत करायची असते, मग भांडी बदलू नयेत म्हणून तळाला नाव. मला आमच्या माळ्यावरची पातेली आठवली, लग्नात आलेली, ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेली. ती चिकटपट्टी मी काढली नाही. त्या भांड्यात आता माझी खीर होते.

गेल्या महिन्यात घर आवरताना एक खोकं भरून त्या दुकानाच्या मागच्या दाराशी देऊन आले. पुढच्या शनिवारी भांड्यांच्या फळीशी उभी राहिले तर समोर आईचा स्टीलचा डबा, कडेला तिचं नाव आणि 'सन १९७८' कोरलेलं. खोक्यात चुकून गेला होता. त्याला हिरवी चिठ्ठी. दोन डॉलर.

आजींनी डबा फिरवून पाहिला आणि ही नक्षी कसली, म्हणून विचारलं. मी म्हटलं, ही आमची चिकटपट्टी.

त्यांना ते इतकं आवडलं की शेजारच्या दोघींना बोलावून दाखवलं. बिलात मात्र एक पैसा कमी केला नाही. हिरवा म्हणजे ताजा माल, त्या दिवशी सूट निळ्याला होती.