तुम्ही विचारलंत म्हणून: कविता म्हणून बदललं काय?

मी स्लॅम कविता करते, म्हणजे लोकांसमोर उभं राहून, कधी स्पर्धेत, स्वतःची कविता म्हणून दाखवायची. "ते सगळं ठीक, पण कविता म्हणून प्रत्यक्षात बदललं काय?" पणजीत कार्यक्रम संपला की विचारतात, डिचोलीत नातेवाईक विचारतात, परवा एका कॉलेजात तर मी माईक खाली ठेवायच्या आधीच कुणीतरी विचारलं. दरवेळी मी जनजागृती वगैरे काहीतरी गोल गोल बोलते आणि घरी येऊन चिडचिड करते. आज सरळ लिहून टाकते.

आधी, हे परदेशी फॅड आहे म्हणणाऱ्यांसाठी. हो, स्लॅम शिकागोचं, मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम मजुराने 1986 मध्ये ग्रीन मिल नावाच्या बारमध्ये ते सुरू केलं आणि गुण द्यायला प्रेक्षकांतलीच माणसं बसवली. पण सगळ्या गावासमोर उभं राहून गावाचं दुखणं तालासुरात बोलणं आपल्याला नवीन आहे? आपला जागर, गोव्याचं लोकनाट्य, तो कुणासाठी असतो? तियात्र या कोंकणी नाटकातलं कांतार, म्हणजे गाणं, तर खुर्चीवरच्या मंत्र्याला भर थिएटरात सुनावतं. 1967 च्या ओपिनियन पोलच्या वेळी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या मतदानाच्या वेळी, उल्हास बुयांव यांचं कलापथक वेगळ्या गोव्यासाठी गात फिरलं, आमच्या घरचे विलीनीकरणवाले, म्हणजे अगदी विरुद्ध बाजूचे, तरी आजी सांगायची की ती गाणी आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. निकाल 34,021 मतांनी वेगळ्या गोव्याच्या बाजूने लागला. त्यातली गाण्यांची मतं किती, हे कुणी मोजलंय? मग माझ्याच कवितेला हिशेब का मागता?

हे झालं भांडण. आता जे मी टाळते ते.

2017 चा उन्हाळा, डिचोली तालुक्यातलं, लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातलं एक गाव. खाण भूजलाच्या खाली गेली की खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसत राहतात आणि आजूबाजूच्या विहिरी पावसाळ्याआधीच तळाला जातात, हे काही तुम्हाला सांगायला नको. तिथल्या बचत गटाच्या बायकांबरोबर मी बसत होते. लिहायचं नाही, नुसतं बोलायचं, आणि बोलता बोलता ज्या ओळी परत परत येतात त्या धरून ठेवायच्या. एक काकी होत्या, ग्रामसभेत कधी तोंड उघडलेलं नाही, त्यांनी टँकरवर आठ-दहा ओळी बांधल्या. टँकरचा हॉर्न ऐकून चुलीवरचा भात तसाच टाकून धावायचं, कळशी अर्धी भरते तोवर पाइप पुढच्या दारात, आणि घरी येऊन बघावं तर भात करपलेला. शेवटची ओळ अशी की ज्या ट्रकातून आमची माती जाते त्याच ट्रकाच्या पैशाने आम्ही हे तांदूळ आणतो.

देवळाच्या मंडपात कार्यक्रम होता. त्या शेवटच्या ओळीवर आल्या आणि त्यांचे दीर उठले, दोन ट्रक त्यांचेच. आधी काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. कुणीतरी माईक बंद केला. काकी क्षणभर थांबल्या आणि मग माईकशिवाय, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून सगळं परत म्हटलं. मी बाजूला उभी होते, माझे हात थंड पडले होते. त्यांचं संपल्यावर ते दीर काकींकडे न बघता माझ्याकडे वळले, "गो बाय, तुज्या कवितेंत म्हजो ट्रक आसा, हप्तो खंय?" म्हणजे, माझा ट्रक आहे, मग त्याच्या कर्जाचा हप्ता कुठाय?

मला उत्तर आलं नाही. कारण खरंच होतं. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांचे ट्रक कर्जावर घेतलेले, काही वर्षं अंगणात उभे, आता कुठे चाकं फिरायला लागली होती. ओळी काकींच्या होत्या, पण त्यांना मंडपात उभं करणारी मी होते, ते मला विचारणारच.

आणि मग मार्च 2018. सुप्रीम कोर्टाच्या निकालाने खाणींची 88 लीजं, म्हणजे भाडेपट्टे, गेली, खाणी परत बंद. त्या निकालाशी टँकरच्या कवितेचा काडीचा संबंध नव्हता, पण गावात काही घरांत बोललं गेलं ते काकींच्या नावाने. हिनेच सुरू केलं म्हणे. दिराच्या घरचं बोलणं बंद झालं, गणपतीत आरतीलाही बोलावलं नाही. म्हणजे बघा, तुम्ही मला विचारता कवितेने काय होतं, आणि तिथे काही माणसांची खात्री आहे की कवितेने खाण बंद पडली.

पंप थांबले आणि पुढच्या उन्हाळ्यात काकींच्या विहिरीला पाणी टिकलं. पलीकडच्या अंगणात ट्रकाचे टायर बसलेले. हे दोन्ही एकाच घराण्यात. आता यातलं कवितेच्या खात्यावर काय मांडायचं ते तुम्हीच सांगा.

आधीची मी म्हणाली असती की कवीने बाजू घ्यावी, बाकीचं लोक बघतील. तिला मी आज विचारेन, लोक म्हणजे कोण? मी कार्यक्रम करून बसने घरी येते, आरतीचं बोलावणं जातं ते काकींचं. पण ती आधीची मीही गप्प बसणार नाही, ती म्हणेल की मग काकींनी कायम गप्पच राहायला हवं होतं का, आणि हे ठरवणारी तू कोण? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढं मात्र मी कुणाशीही भांडून सांगेन की त्यानंतरच्या ग्रामसभेला त्याच गटातल्या तीन बायका उठल्या आणि विहिरींचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला. त्याआधी तो तिथे नव्हता. तुम्हाला हे थोडं वाटेल. ग्रामसभेत बाईने उठून बोलणं म्हणजे काय असतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना नाही वाटणार.

डिसेंबर 2022 पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, खाणी परत सुरू होतायत. गटातल्या मुलींनी मला पुन्हा बोलावलंय. यावेळी ट्रकवाल्यांनाही बसवा म्हटलंय मी, हप्त्याच्या ओळी त्यांनीच म्हणाव्यात. येतील की नाही माहीत नाही. आणि गावाचं नाव इथे घातलेलं नाही ते काकींनी सांगितलं म्हणून, बाकी सगळं लिही म्हणाल्या.