‘टॅक्स’ची चाचपणी: वहीतला सहावा आठवडा

मंडळी, आधी एक दुरुस्ती. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की ‘कर’ म्हणजे हात आणि ‘टॅक्स’च्या मुळाशी स्पर्श, म्हणजे दोन्ही शब्दांमागे कल्पना एकच. ते मागे घेते. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘कर’च्या वेगवेगळ्या नोंदी आहेत. हात या अर्थाचा ‘कर’ येतो ‘कृ’ म्हणजे करणे या धातूवरून. राजाला द्यायचा ‘कर’ मात्र ‘कॄ’ म्हणजे विखुरणे, पसरणे या धातूखाली दिलाय, किरणांच्या आणि गारांच्या शेजारी. एका दीर्घ स्वराने माझा आवडता तर्क मोडला. वाईट वाटलं, पण ज्या कार्डावर तो टिपला होता ते फाडलं नाही. त्यावर तिरकी रेघ मारून तारीख टाकली.

‘टॅक्स’मधला स्पर्श मात्र जवळपास पक्का आहे. लॅटिनमध्ये ‘तांगेरे’ म्हणजे स्पर्श करणे. त्यापासून पुन्हा पुन्हा केलेल्या क्रियेचं रूप झालं ‘ताक्सारे’. यासाठी मराठी शब्द शोधताना ‘वारंवार हात लावणे’, ‘हाताळणे’ असं काहीबाही लिहून खोडत होते. परवा रात्री वीज गेली, टॉर्चसाठी ड्रॉवर चाचपत होते आणि हातालाच शब्द लागला: चाचपणे! आपणही ‘चाचपणे’पासून ‘चाचपणी’वर येतो आणि चाचपणी म्हणजे अंदाज घेणं. ‘ताक्सारे’चा प्रवास अगदी हाच. हाताने चाचपणं, मग किंमत ठरवणं. तिथून जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास शब्द इंग्रजीत आला, तेव्हाही त्याचा अर्थ मुख्यतः आकारणी करणं असा होता. पैसे भरणं ही पुढची पायरी.

‘ताक्सारे’चा आणखी एक अर्थ कोशात दिसतो, दोष देणं. इंग्रजीत ‘टॅक्स’ क्रियापद अजूनही आरोप करणं या अर्थाने सापडतं. किंमत ठरवण्यातून दोष देणं कसं निघालं, याच्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. उत्तर आपल्याच बोलण्यात होतं. आपण एखाद्याची मापं काढतो, तेव्हा हातात टेप नसते! लॅटिनमध्येच दुसरी जोडी आहे. ‘केन्सेरे’ म्हणजे मोल ठरवणं, त्यातून एकीकडे ‘सेन्सस’ आणि दुसरीकडे ‘सेन्सॉर’.

आता या आठवड्याचं सगळ्यात लाडकं कार्ड. इंग्रजी ‘टास्क’ हा ‘टॅक्स’चा सख्खा भाऊ आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘ताक्सा’चं ‘तास्का’ झालं, ‘क्स’ उलटून ‘स्क’. ठरवून दिलेलं देणं ते ठरवून दिलेलं काम, असा अर्थ सरकला. हा वर्णविपर्यय पटत नसेल, तर ‘नुकसान’ आणि ‘नुसकान’ मोठ्याने म्हणून बघा. तोच ‘क्स’, तोच ‘स्क’, तीच जिभेची सोय. मी खोलीत एकटीच चार-पाच वेळा म्हणून पाहिलं आणि जीभ कुठे वळते ते नीट लक्षात आलं. कोशातल्या बाणांपेक्षा हे जास्त पटतं.

‘टॅक्सी’ही याच घरातली. भाडं मोजणारं यंत्र ते टॅक्सीमीटर, आणि त्याचं नाव आखूड होऊन गाडीला चिकटलं. ‘टॅक्सॉनॉमी’ (सजीवांचं वर्गीकरण) आणि ‘टॅक्सीडर्मी’ (मेलेल्या प्राण्याच्या कातड्यात भर घालून त्याला उभं करणं) मात्र या घरात आणू नका. त्यांच्यातला ‘टॅक्स’ ग्रीक ‘ताक्सिस’चा, म्हणजे मांडणी, रचना.

‘तांगेरे’कडची बाकी भावंडं: काँटॅक्ट, इंटॅक्ट, इंटिजर (न स्पर्शलेला, म्हणून पूर्ण) आणि टॅन्जंट. टॅन्जंटला आपण शाळेत ‘स्पर्शिका’ म्हणत होतो. हा प्रतिशब्द ज्याने घडवला त्याला मूळ नेमकं कळलं होतं.

जाता जाता ‘टॅरिफ’. त्याला मी ‘टॅक्स’चा नातलग समजून वेगळ्या पाकिटात ठेवलं होतं. तो निघाला अरबी ‘तारीफ’, म्हणजे कळवणं, ओळख करून देणं. मालावरच्या दरांचा तक्ता कळवायचा, म्हणून इटालियनमधून जकातीच्या अर्थाने युरोपभर गेला. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून आला आणि स्तुती झाला. आणि नावांमधलं ‘उर्फ’? तेही त्याच ‘जाणणे’ या अरबी धातूचं. तीन कार्डं एका दोऱ्यात ओवली आहेत.

‘महसूल’, ‘तहसील’ आणि ‘हासील’ यांचाही धातू एकच, मिळणं, गोळा होणं. शाळेत बेरीज करताना ‘हातचा’ धरायचो, त्याला ‘हासील’ म्हणणारे कुणी तुमच्या ऐकण्यात असतील तर कळवा. पुढच्या आठवड्यात ‘जकात’ घेणार आहे. तिच्या अरबी मुळात शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे कार्ड आत्तापासूनच दोन्ही बाजूंनी लिहायला घेतलंय.