सकाळी गिअर न पकडणारी ऑटोमॅटिक

आमची गाडी जुनी, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी ऑटोमॅटिक. नाशिकच्या थंडीत तिचं दुखणं सुरू झालं. सकाळी चालू करून डीमध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकली की इंजिन चालू, पण गाडी जागची हलायची नाही. काही सेकंदांनी धक्का देऊन निघायची आणि मग दिवसभर तक्रार नाही. दुपारी दोन-तीन तास उभी राहिली तरी व्यवस्थित.

एका गॅरेजने थेट गिअरबॉक्स ओव्हरहॉल सांगितलं. मला पटेना. क्लच प्लेटा गेल्या असत्या तर घाटात, गरम झाल्यावरही गाडी घसरली असती. शिवाय उशीर रिव्हर्सलाही तेवढाच होता. एकाच गिअरला असता तर त्या क्लचच्या सीलवर संशय घेता आला असता. दोन्हीकडे उशीर म्हणजे गिअर पकडायला लागणारा तेलाचा दाबच उशिरा तयार होत होता.

ओळखीच्या मेकॅनिककाकांनी आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली. गाडी गरम, इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये. लेव्हल बरोबर, तेल लालसर, जळका वास नाही. मग म्हणाले, "रात्री गाडी बंद कर, दहा मिनिटांनी लेव्हल बघून ठेव. सकाळी चावी फिरवायच्या आधी परत बघ."

थंड तेल आकसतं, म्हणजे लेव्हल खाली जायला हवी. सकाळी ती रात्रीच्या खुणेपेक्षा चांगली बोटभर वर होती! "कन्व्हर्टरमधलं तेल रात्रभरात खालच्या पॅनमध्ये उतरतंय," काका म्हणाले. "विहिरीच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह गळला की पाइप रिकामा होतो ना, तसंच." खात्री करायला दुसऱ्या सकाळी हँडब्रेक ओढून गाडी मिनिटभर न्यूट्रलमध्ये चालू ठेवली. मग डी टाकताच लगेच उचलली.

पॅन उतरवला. त्यातल्या चुंबकावर नेहमीची बारीक करडी पूड होती, धातूचा तुकडा एकही नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. फिल्टरच्या तोंडाची ओ-रिंग प्लास्टिकसारखी कडक झाली होती, तिथून पंप हवा ओढू शकतो म्हणून ती बदलली. कन्व्हर्टरचं तेल अडवणारा व्हॉल्व्ह झिजलेला निघाला, तोही बदलला. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, भरलं.

आता पहाटेच्या थंडीतही डी टाकताच गाडी निघते. तुमच्याकडे असा उशीर होत असेल तर त्या सेकंदांत अ‍ॅक्सिलरेटर अजिबात दाबू नका. वाढलेल्या आरपीएमवर गिअर पकडला की चांगल्या क्लच प्लेटाही जळतात, आणि मग ओव्हरहॉल खरंच करावं लागतं.