रेवदंडा-कोर्लईला जाताय? आधी परतीची सीट पक्की करा

अलिबागच्या पुढचे रेवदंडा आणि कोर्लई हे किल्ले बघायला मुंबईहून बोटीने जाणार असाल, तर अलिबागला बसमधून उतरल्याबरोबर, चहासुद्धा घ्यायच्या आधी, बोटवाल्यांच्या खिडकीवर जाऊन परतीच्या बसचा नंबर लावून घ्या. हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. तिकिटावर छापलेलं नव्हतं, गेटवेच्या काउंटरवर सांगितलं नाही आणि मांडव्याला पाटीही दिसली नाही. आत्याला घेऊन रविवारी संध्याकाळी जो मनस्ताप झाला, तो अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

जाणं अगदी सोपं. गेटवेहून मांडवा बोटीने साधारण तासाभराचं, आणि तिथून अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात. पुढे मुरूडकडे जाणारी एसटी नागाव, चौल, रेवदंडा करत साळावच्या पुलावरून कोर्लईला जाते.

आत्याने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. १७३९ची चिमाजी अप्पांची वसईची मोहीम तिने कितीतरी वर्गांना रंगवून सांगितली असेल. पण वसई पडल्यावर वर्षभरातच, १७४० मध्ये, पोर्तुगीजांना जी रेवदंडा-कोर्लईची ठाणी मराठ्यांच्या हवाली करावी लागली, ती तिने कधी पाहिली नव्हती. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, पण हट्ट पक्का.

रेवदंड्याचा किल्ला शोधावा लागत नाही, कारण गावच त्या तटबंदीच्या आत आहे. रस्ता, घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, सगळं कोटात. वाडीतून थोडं आत चाललं की झावळ्यांच्या वर एकदम सातखणी बुरुज दिसतो. नाव बुरुज असलं तरी हा फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. नावात सात खण आहेत, उभे आहेत ते चार मजले. आत्या खाली उभी राहून एकेका मजल्याची खिडकी नीट बघत होती. मग भिंतीपाशी जाऊन तिने दगडांमधल्या चुन्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, इतकी वर्षं मी मुलांना नुसत्या सनावळ्या पाठ करायला लावल्या. एकदा इथे आणायला हवं होतं त्यांना."

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात अफानासी निकितिनचं स्मारक आहे, तेही बघा. हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात, म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीच, चौल बंदरात उतरला होता. १५०८ मध्ये याच चौलच्या पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेदा मारला गेला.

कोर्लईला आत्या वर चढली नाही. किल्ला समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर आहे, आणि दीपगृहापासूनच्या पायऱ्या चांगल्याच दमवतात. वर टपरी नाही, पाणी खालूनच न्या. निजामशाहीकडून हा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला. चर्चचे अवशेष आणि महादेवाचं देऊळ एकाच तटाच्या आत आहेत. एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसरीकडे उघडा समुद्र. माथ्यावर उभं राहिलं की या खाडीवर नजर ठेवायला हीच जागा का निवडली हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी खाली उतरले तेव्हा आत्या गावातल्या एका बाईंच्या ओट्यावर गप्पा मारत बसली होती. आमच्याशी अस्सल आगरी वळणाची मराठी बोलणाऱ्या त्या बाई नातवाला हाक मारताना सहज पोर्तुगीजमधून घडलेल्या त्यांच्या बोलीत शिरल्या. सत्ता जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांमध्ये ती बोली टिकून आहे. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. आमच्यासाठी सहलीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. किल्ला बघून लगेच पळू नका, गावात थांबा.

आता ती खिडकी. चार वाजता आम्ही अलिबागला पोचलो. हातात जाण्या-येण्याचं तिकीट, पैसे पूर्ण भरलेले. खिडकीतल्या माणसाने तिकीट उलटसुलट केलं आणि म्हणाला, "मॅडम, यावर नंबर नाही. संध्याकाळच्या सगळ्या बस फुल आहेत."

"पण हे रिटर्न तिकीट आहे ना?"

"आहे. पण उतरल्यावर नंबर लावायचा असतो. सगळे लावतात."

सगळे म्हणजे कोण? माझ्यामागे रांगेत निम्मे लोक तसेच होते. एक डोंबिवलीचं कुटुंब, दोन लहान मुलं, कडेवर झोपलेलं तिसरं. त्यांनाही हेच उत्तर. मी साहेबांना भेटायचं म्हटलं तर साहेब मांडव्याला. फोन लावा म्हटलं तर फोन लागत नाही. "बाजूला थांबा, कोणी आलं नाही तर बघू," असं म्हणून आम्हाला बाजूला केलं. बसायला बाकडं नाही. आत्या शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसली. दर बसच्या वेळी मी खिडकीपाशी जायची आणि दर वेळी यादीतले सगळे हजर असायचे. एका बसला दोन जागा रिकाम्या आहेत असं मला स्वतःला दिसलं. मी ओरडून सांगितलं तरी दार लागलं आणि बस गेली. तेव्हा मला खरोखर रडू आलं.

शेवटी त्याने तोडगा काढला, की तिकीट बोटीला चालेल, मांडव्यापर्यंत तुम्ही रिक्षाने जा. तिथे बोटीत जागा मिळेल का, असं विचारलं. "ते मी नाही सांगू शकत." शेवटच्या बोटीच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला अंधारात जेट्टीवर नेऊन उभं करायचं? मी तिकिटाचे पैसे मागितले. परत मिळत नाहीत म्हणाला. लेखी द्या म्हटलं, तेही दिलं नाही.

मग आत्याच उठली. "एसटी स्टँड कुठे आहे? चल." आणि तिथे पनवेलची गाडी लागलेली. वडखळपाशी ट्रॅफिक होतं, पण बसायला जागा होती. आधार कार्ड दाखवून आत्याचं तिकीट शून्य, कारण पंचाहत्तरीच्या पुढे एसटी मोफत, आणि बायकांना निम्मं म्हणून माझं अर्धं. पनवेलहून लोकल पकडली. त्या कंडक्टरने आत्याला हात धरून चढवलं होतं, त्याचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

बोटवाल्यांना मी लेखी तक्रार पाठवली आहे, तिकिटाचा फोटो जोडून. मागणी एवढीच, की परतीचा नंबर लावण्याची सूचना तिकिटावर मराठीत छापा. उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत विचारत राहणार आहे. तुमच्या बाबतीतही असंच झालं असेल तर तुम्हीही लिहा.

आणि हो, कोर्लईहून परतताना गाडीची वाट बघत तासभर जाऊ शकतो. साळावपर्यंत रिक्षा मिळाली तर घ्या, तिथून रेवदंड्याकडे गाड्या जास्त मिळतात.