उदांग नाही, पण बेलाचान आहे

टूरच्या फॉर्मवर ग्रुपमधल्या काकूंनी 'कोळंबी चालत नाही, अंगावर उठतं' असं स्वच्छ लिहिलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पर्यटकांचे ग्रुप नेणाऱ्याला असल्या नोंदी पाठ असाव्या लागतात. चूक वाचण्यात झाली नाही, विचारण्यात झाली.

क्वालालंपूरच्या शेजारचं पेटालिंग जाया. हॉटेलच्या बुफेला कंटाळलेल्या नऊ जणांना घेऊन सकाळी आठला गल्लीतल्या मलय खानावळीत गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवरचे पंखे, काउंटरवर केळीच्या पानात बांधलेल्या नासी लमाकच्या पुड्या. नासी म्हणजे भात, लमाक म्हणजे स्निग्ध. नारळाच्या दुधात पांदानचं सुगंधी पान आणि आलं घालून शिजवलेला हा भात नीट जमला की मोकळा राहतो, चिकट होत नाही. सोबत उकडलेलं अंडं, काकडी, तळलेले शेंगदाणे, इकान बिलिस म्हणजे तळलेली बारीक सुकी मासळी, आणि वर लालभडक सांबाल, म्हणजे मिरचीचं परतलेलं वाटण.

मी मालकिणीला विचारलं, "मकचिक, आदा उदांग?" मावशी, कोळंबी आहे का? ती म्हणाली, "ताक आदा." नाही. ती खरंच बोलली. पुडीत एकही कोळंबी नव्हती.

दहा-बारा मिनिटांत काकूंचे ओठ खाजायला लागले, मग मानेवर गांधी उठल्या. त्यांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी पर्समध्ये होती, ती घेतली. श्वासाला त्रास नव्हता, उलटी नव्हती, चक्कर नव्हती. यातलं एक जरी दिसलं असतं तर गोळीवर विसंबायचं नसतं. माणसाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही, जवळ ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असेल तर लगेच द्यायचं आणि 999 ला फोन करायचा. आम्ही जवळच्या क्लिनिकमध्ये गेलो. तिथे गांधी बसल्यावरही काही तास बसवून ठेवलं, कारण पहिली लाट ओसरल्यावर दुसरी येऊ शकते. 'बरं वाटतंय, चला आता ट्विन टॉवर्सला' असा आग्रह ग्रुपमधून होतोच. तो ऐकायचा नाही.

दुपारी खानावळीत परत गेलो, भांडायला नव्हे. मकचिकने फडताळातून गडद तपकिरी वडी काढून नाकाशी धरली आणि क्षणात सगळं कळलं. आपल्या कोळीवाड्यात जवळा भाजताना येतो तो वास, चौपट उग्र. बेलाचान. आपल्याकडच्या जवळ्याच्याच कुळातली इवलीशी कोळंबी मिठात घालून, उन्हात वाळवून, कुटून, आंबवून ही वडी होते. सुक्या मिरच्या भिजवून कांदा-लसणाबरोबर वाटताना त्यात भाजलेलं बेलाचान जातं, मग भरपूर तेलात मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचं, शेवटी चिंच आणि ताडगूळ. तयार सांबालमध्ये ना कोळंबी दिसते, ना वेगळा वास येतो. फक्त एक खोल खारट चव राहते. 'इतकं शिजवल्यावर काय उरतं?' असं ग्रुपमधल्या एकाने विचारलं. सगळं उरतं. कोळंबीतलं जे प्रथिन ॲलर्जी उठवतं ते उष्णतेला दाद देत नाही.

तेव्हा प्रश्न कोळंबीचा नाही, वाटणाचा विचारायचा. मी आता मलयमध्ये लिहिलेली चिठ्ठी देतो: 'साया आलाह उदांग. बेलाचान पुन ताक बोलेह.' मला कोळंबीची ॲलर्जी आहे, बेलाचानही चालत नाही. दुसरं वाक्य नसेल तर पहिलं निरुपयोगी. 'सांबाल आसिंग' म्हटलं की सांबाल वेगळ्या वाटीत देतात. तिखट न सोसणाऱ्यांना ते पुरतं, ॲलर्जीवाल्यांना नाही. आणि बांधलेल्या पुडीत तर सांबाल भाताला आधीच लागलेलं असतं, ती घ्यायचीच नाही.

बेलाचान कुठे कुठे लपतं? कांकुंगच्या पालेभाजीत हमखास. लाक्सा म्हणजे रश्शातल्या शेवया; करी लाक्साच्या रश्शात बऱ्याचदा सुकी कोळंबी असते. आसाम लाक्सा माशाचा, पण वर कोळंबीचा काळा दाट सॉस येतो आणि तोच रोजाकमध्येही, म्हणजे फळांच्या कोशिंबिरीत. तळणीचं तेल विसरू नका. कोळंबीच्या पापड्या, केरोपोक, ज्या कढईत तळतात तीतच शेंगदाणेही तळलेले असू शकतात.

शाकाहाऱ्यांची फसगत इथेच होते. 'सायुर' म्हणजे भाजी एवढंच. भाजी बेलाचानमध्ये परतली तरी ती सायुरच. त्यापेक्षा चिनी शाकाहारी दुकान गाठावं, तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळी खूश होतात. (सोयाची नकली कोळंबी ताटात बघून एकदा आरडाओरडा झाला होता, ते आधीच सांगून ठेवा. अंड्याचंही विचारून घ्या.)

दुसऱ्या दिवशी काकूंना मामाकमध्ये, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या हॉटेलात नेलं. रोती चनाय म्हणजे मैद्याची, तेलातुपात मुरवून हवेत झटकून पातळ केलेली पदरी रोटी. सोबत डाळ. पण इथेही डाळीवर माशाची करी ओतून मिसळून द्यायची पद्धत आहे आणि त्या करीत काय काय शिजलंय कुणी सांगावं. म्हणून 'डाळ फक्त, वेगळ्या वाटीत' असं दोनदा सांगितलं, चिठ्ठी दाखवली. पोऱ्याने ती वाचली, आत जाऊन आचाऱ्याला दाखवली आणि नवी पळी घेऊन डाळ वाढली. काकूंनी तीन रोट्या खाल्ल्या आणि तेह तारिक, म्हणजे तिथला दुधाचा चहा, कुरांग मानिस, कमी गोड, मागवला. गोडच आला.