मागचा आधार

इंदूरहून खंडवा रोडला भेरूघाटाची वळणं लागली की बाबांच्या गाडीतला स्टिरिओ खडखडायला लागायचा. नंतर बाहेरून बसवून घेतलेला. पुढे प्लास्टिकच्या चौकटीत अडकवलेला, मागे नुसता अधांतरी. चौकट एका कोपऱ्यात चिरत चालली होती, आणि बाबा एका हाताने तो आत दाबून धरायचे. घाटात! मला ते बघवत नव्हतं.

आज पोहे-जलेबी झाल्यावर कामाला लागलो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. स्टिरिओ ओढून पाहिला तर पाठीमागे बोल्ट होताच. तो आधारासाठीच असतो, बसवणाऱ्याने वापरलाच नव्हता. पुढचं माप ठरलेलं असतं, डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटर. मागची जागा मात्र प्रत्येक गाडीत वेगळी, म्हणून तिथली पट्टी हातानेच घडवावी लागते.

सियागंज बाजारातून भोकांची लोखंडी पट्टी आणली होती. कापली, कडा कानशीने नीट घासल्या (धारदार कड राहिली तर तारेचं आवरण सोलतं, शॉर्ट होतं), आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. एक टोक बोल्टला, दुसरं डॅशबोर्डमागच्या लोखंडी दांड्याच्या जुन्याच स्क्रूला. नवीन भोक पाडलं नाही. मागे तारांचा जुडगा असतो, ड्रिल कुठे घुसेल सांगता येत नाही.

संध्याकाळी बाबांनी रामबागेतून राजवाड्यापर्यंत चक्कर मारली. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.