स्तनदा आईचं पथ्य आणि बाळाची ॲलर्जी

बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून दूध, अंडी, शेंगदाणे, गहू असं एकेक ताटातून काढून टाकलं असेल, तर ते पुन्हा खायला लागा. अंगावर पाजणाऱ्या आईने पथ्य पाळलं म्हणून बाळाची अन्नाची ॲलर्जी टळते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली, घराण्यात ॲलर्जी असेल तर स्तनदा आईने शेंगदाणे टाळावेत असं सांगितलं होतं. २००८ मध्ये त्यांनीच तो सल्ला मागे घेतला. तोंडोतोंडी मात्र तो अजून फिरतो आहे.

भुर्दंड पडतो तो आईला. दूध तयार व्हायला रोज साधारण ५०० किलोकॅलरी जास्त लागतात. त्यातला काही भाग गरोदरपणात साठलेल्या चरबीतून येतो, बाकीचा ताटातूनच यावा लागतो. शिवाय रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं. मांस, मासे, अंडी, दूध सगळंच बंद असेल आणि बी-१२ची गोळीही नसेल, तर दुधातलं बी-१२ घटतं. मग बाळ सुस्त होतं, त्याला रक्तक्षय होऊ शकतो, विकास मागे पडू शकतो. ॲलर्जीच्या धास्तीने हे ओढवून घेणं मला फार चुकीचं वाटतं.

पथ्य खरोखर लागतं ते बाळाला लक्षणं दिसली तर. आईने खाल्लेल्या दुधातली, अंड्यातली किंवा शेंगदाण्यातली प्रथिनं अत्यल्प प्रमाणात अंगावरच्या दुधात उतरतात, तीही सगळ्याच बायकांच्या नाही. बहुतेक बाळांना त्याने काहीच होत नाही. काहींना पहिल्या काही आठवड्यांत शीमध्ये चिकट आव आणि रक्ताच्या रेषा दिसतात. बाळ एरवी छान पितं, वजनही वाढतं. यामागे बहुधा गायीच्या दुधातलं प्रथिन असतं. रक्ताची इतर कारणं डॉक्टरांनी आधी तपासायला हवीत. नुसती हिरवी शी, गॅस किंवा संध्याकाळचं रडणं यावरून मात्र पथ्य सुरू करू नका. आणि हा लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, प्रश्न नाही: आईच्या दुधात लॅक्टोज असतंच, ती काय खाते यावर ते ठरत नाही. म्हणून आईने लॅक्टोज-फ्री दूध घेऊन उपयोग होत नाही, त्यात प्रथिन तसंच असतं.

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तर एका वेळी एकच पदार्थ काढा, आधी गायीचं दूध. म्हशीचं आणि शेळीचंही त्याच्याबरोबर बंद, कारण प्रथिनं जवळजवळ सारखीच. दही, चीज, लोणी, मिल्क पावडर हेही गेलं. पाकिटावर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स हे शब्द शोधा. मुदत २ ते ४ आठवडे. रक्त बहुधा काही दिवसांतच थांबतं, पण पूर्ण निवळायला वेळ लागतो. या काळात कॅल्शियमची गोळी आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्या. फरक पडला नाही तर दूध परत सुरू करा. फरक पडला तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते पुन्हा खाऊन बघायचं. लक्षणं परतली तरच निदान पक्कं. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि आई विनाकारण वर्षभर पथ्यावर राहते. स्तनपान थांबवायची गरज सहसा पडत नाही, आणि बहुतेक मुलांचा हा त्रास साधारण वर्षापर्यंत जातो.

ॲलर्जी टाळण्याची खरी जागा दुसरीकडे आहे. एक, त्वचा. एक्झिमाने (कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या विकाराने) फुटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण शिरले तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं. तेच पोटातून गेले तर सहन करायला शिकतं. त्यामुळे एक्झिमावर लवकर उपचार करा आणि अशा त्वचेला शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल चोळू नका.

दोन, वरचं अन्न. ते साधारण सहाव्या महिन्यात सुरू करा, चौथा महिना पुरा होण्याआधी नाही. आणि अंडं, शेंगदाणे मुद्दाम लांबणीवर टाकू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या लीप अभ्यासात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं होती. सुरुवातीला शेंगदाण्याच्या ॲलर्जीची त्वचाचाचणी निगेटिव्ह आलेल्यांत, शेंगदाणे टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती; नियमित खाणाऱ्यांत १.९ टक्के.

तीव्र एक्झिमा किंवा आधीची ॲलर्जी असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच. एरवी बाळ ठणठणीत असताना, दिवसा, २ छोटे चमचे मऊ पीनट बटर कोमट पाण्यात पातळ करा. चमच्याच्या टोकावर येईल इतकंच द्या, १० मिनिटं थांबा, मग बाकीचं हळूहळू. दोन तास लक्ष ठेवा. अख्खे दाणे किंवा घट्ट गोळा नको, घशात अडकतो. अंडं पूर्ण उकडलेलंच. अंगावर पित्त उठलं किंवा ओठ सुजले तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना गाठा. श्वासाला घरघर लागली, सारख्या उलट्या झाल्या किंवा बाळ गळून पांढरं पडलं, तर थेट तातडीच्या विभागात न्या.

पचलं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा. एकदा चाखवून महिनोन् महिने बंद ठेवलं, तर पोटाची सवय मोडते आणि त्वचेतून होणारा संपर्क चालूच राहतो.